वाचनालयाची वेबसाइट नव्याने करून घेतली, पाच महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आमच्या वाचनालयाची नवी वेबसाइट सुरू होऊन पाच महिने झाले. मुद्दामच थांबले होते लिहायला, नवीन असताना सगळंच छान वाटतं, आता रोजच्या वापरात ती कशी चाललीये ते दिसलंय म्हणून लिहितेय. वाचनालय तालुक्याच्या गावातलं, ब वर्गाचं, २८ हजारांच्या आसपास पुस्तकं, साडेसहाशे सभासद आणि त्यातले निम्मे तरी साठीच्या पुढचे. मी सहकार्यवाह आहे, बिनपगारी काम. ज्या तिघांनी वेबसाइट केली (दोन मुली आणि एक मुलगा, पुण्यातून काम करतात) त्यांचं नाव इथे टाकत नाहीये, त्यांचीच तशी इच्छा आहे, आणि मला सांगायचंय ते त्यांच्या पद्धतीबद्दल. ती पद्धत तुम्ही तुमच्या गावातल्या कुणाकडूनही मागून घेऊ शकता.

आधी जुन्या वेबसाइटचं सांगते. सहा वर्षांपूर्वी एका फर्मकडून करून घेतली होती. त्यांनी फोनवर विचारलं, किती पानं हवीत, रंग कुठला, फोटो पाठवून द्या. आम्ही पाठवले. वर सरकणारे मोठमोठे फोटो, संस्थापकांचा, अध्यक्षांचा, वर्धापनदिनाचा, खाली ‘आमची वाटचाल’, ‘ध्येय व उद्दिष्टे’, ‘ग्रंथ देवघेव सेवा’, आणि पुस्तकांची यादी म्हणून चारशे पानांची एक पीडीएफ, तीही जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधून काढलेली, म्हणजे डोळ्यांना मराठी दिसायचं पण शोध घेतला की एक अक्षर सापडायचं नाही. मोबाइलवर ती उघडेपर्यंत माणूस वाचनालयात चालत येऊन जाईल. त्यामुळे कुणीच उघडायचं नाही, सगळे फोन करायचे. आमच्या ग्रंथपाल मॅडमचा डावा हात दिवसभर फोनवर आणि उजवा देवघेवीच्या रजिस्टरवर.

यंदा एका जुन्या सभासदांच्या घरच्यांनी त्यांच्या स्मरणार्थ देणगी दिली, त्यातून नवीन करायचं ठरलं. तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली. दोघांनी दुसऱ्याच दिवशी पाठवली, वर डिझाइनचे तयार नमुने. या तिघांचं उत्तर आलं त्यात नमुना नव्हता, उलट प्रश्न होता, ‘ताई, आम्ही दोन दिवस तुमच्या काउंटरपाशी नुसतं बसू शकतो का?’ कार्यकारी मंडळात यावर बरीच बोलाचाली झाली. खर्च १ लाख ८५ हजार, तीन हप्त्यांत, आणि पहिल्या हप्त्यात काय तर माणसांशी बोलणं. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, बोलण्याचे पैसे कसले? मलाही तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता देता येतं.

जुलैमध्ये एका शनिवारी आणि सोमवारी ते आले. शनिवारी गर्दी असते, सोमवारी नसते, म्हणून दोन वेगळे दिवस त्यांनीच मागून घेतले. काही विचारलं नाही, कोपऱ्यात बसून लिहीत राहिले. मी त्या वह्या नंतर बघितल्या. फोन आला की वेळ आणि विचारलं काय ते, शब्दाला शब्द. ‘उघडं आहे का?’ ‘माझं पुस्तक आलं का?’ ‘दंड किती झालाय?’ ‘आईसाठी ठळक अक्षरातलं काही आहे का?’ एक गृहस्थ बायकोने लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन आले होते, पाच नावं, त्यातली दोन चुकीची लिहिलेली, मॅडमनी अंदाजाने बरोबर पुस्तक काढून दिलं, तेही वहीत आहे. खाली अधोरेखित केलेलं वाक्य होतं, ‘पुस्तक बदलायचंय असं म्हणतात, देवघेव कुणीच म्हणत नाही’. सहा वर्षं आमच्या वेबसाइटवर ‘ग्रंथ देवघेव सेवा’ लिहिलेलं होतं आणि समोर उभा राहणारा प्रत्येक माणूस म्हणतोय पुस्तक बदलायला आलोय. आम्ही रोज ऐकत होतो तरी कधी लक्षात आलं नाही.

याला युजर-सेंटर्ड डिझाइन म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवून केलेली रचना. हा शब्द १९८०च्या दशकात डॉन नॉर्मन या अमेरिकी संशोधकांच्या कामामुळे रूढ झाला, १९९९ मध्ये त्याचं आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, १३४०७ नंबरचं, आणि २०१० पासून त्याच्या जागी ९२४१-२१० आहे. त्यात चारच कामं सांगितलीत: वापरणारा माणूस कोण आणि कुठल्या परिस्थितीत वापरतो ते समजून घ्या, त्याला काय लागतं ते लिहून काढा, त्यावर डिझाइन करा, मग त्याच माणसांकडून तपासून घ्या, आणि जमलं नाही तर परत मागे जा. ही ‘परत मागे जा’ची पायरी बहुतेक ठिकाणी खाल्ली जाते असं त्या मुली सांगत होत्या, कारण तिचे पैसे कोटेशनमध्ये धरलेलेच नसतात. आपल्याकडे हा विषय कालपरवाचा आहे असंही नाही, आयआयटी मुंबईत डिझाइन शिकवणारं आयडीसी १९६९ पासून आहे. पण तालुक्याच्या वाचनालयापर्यंत तो कधी आला नव्हता एवढं खरं.

पुढच्या वेळी आल्या त्या आमच्या वाचनकक्षातल्या मोठ्या टेबलावर साठ कार्डं पसरायला. हे मला फार आवडलं कारण ती कार्डं आमचीच होती, पुस्तकांच्या जुन्या लाकडी तालिकेच्या (कॅटलॉगच्या) खणांमधली, कडा पिवळ्या पडलेली, भोक पाडलेली कार्डं, कॉम्प्युटर आल्यापासून कुणी हात लावला नव्हता. त्यातली साठ निवडली आणि आठ वाचकांना एकेक करून सांगितलं, तुम्हाला वाटेल तसे गठ्ठे करा आणि गठ्ठ्याला नाव द्या. आमची सरकारी पद्धतीची वर्गवारी म्हणजे ललित, वैचारिक, संकीर्ण वगैरे. ‘संकीर्ण’ हा गठ्ठा आठातल्या एकानेही केला नाही. ‘ललित’ म्हणजे काय असं दोघींनी विचारलं. लोकांनी केलेले गठ्ठे म्हणजे कादंबरी, खरी माणसं (चरित्र-आत्मचरित्र), देवाधर्माचं, तब्येतीचं, किल्ले आणि इतिहास, पोरांचं, परीक्षेचं. एका काकूंनी गठ्ठा केला ‘झोपताना वाचायची’. त्यात कथा होत्या, दोन कवितासंग्रह होते आणि एक संतचरित्र. ग्रंथपाल मॅडम तिथेच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, पंचवीस वर्षं मी यांना पुस्तकं देतेय आणि हे मला आज कळतंय.

आता वेबसाइटवर तेच विभाग आहेत, वाचकांच्या शब्दांत. कपाटातली मांडणी बदलली नाही, ती आहे तशीच, फक्त दाखवताना लोकांचे शब्द. ‘आरक्षण’ असं बटण आधी केलं होतं ते गेलं, आता आहे ‘नंबर लावा’, कारण पुस्तकाला नंबरच लावतात. ‘उपलब्ध’च्या जागी ‘कपाटात आहे’ आणि दुसरं ‘बाहेर गेलंय’, शेजारी कुठल्या तारखेपर्यंत परत यायला हवं ते. आणि सगळ्यात वर, कुठलाही फोटो नाही, एक ओळ: ‘आज उघडं आहे, संध्याकाळी ८ पर्यंत’. एवढ्या एका ओळीने फोन किती कमी झाले ते मॅडमना विचारा.

फोटोवरून थोडा वाद झाला तो सांगायला हवा. संस्थापकांचा फोटो पहिल्या पानावर हवाच असं मंडळाचं म्हणणं होतं आणि माझंही होतं, ज्या माणसाने स्वतःची जागा दिली त्याला आतल्या पानावर ढकलायचं हे मनाला पटत नव्हतं. त्या मुलींनी वाद घातला नाही. म्हणाल्या दोन्ही करून बघू. ए-फोर कागद मोबाइलच्या आकाराचे कापून त्यावर पेनाने पानं काढली, एका गठ्ठ्यात फोटो वर, दुसऱ्यात ‘आज उघडं आहे’ वर. वाचकाने कागदावर बोट ठेवलं की मुलगा तो कागद उचलून दुसरा ठेवायचा, जणू पान उघडलं. निवृत्त शिक्षक आहेत एक, आम्ही गुरुजी म्हणतो, त्यांना सांगितलं की तुमचं पुस्तक परत कधी द्यायचंय ते शोधा. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. मग परत ठेवलं. मग म्हणाले, ‘यांना मी ओळखायचो, पण माझी तारीख हे कशी सांगणार?’ पुढे कुणी काही बोललंच नाही. संस्थापकांना आता स्वतंत्र पान आहे, त्यांच्या हस्ताक्षरातलं जागा देत असल्याचं पत्र स्कॅन करून लावलंय, आधी फक्त फोटो होता. त्यांचा मान त्यात जास्त राहिला असं मला मनापासून वाटतं.

कागदाचं झाल्यावर खरी तपासणी, मोबाइलवर. एका वेळी पाच वाचक, जास्त नाही. मी विचारलं पाचच का, साडेसहाशे सभासद आहेत. तर याच्यामागे जेकब नील्सन आणि टॉम लँडॉवर या दोन संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेलं गणित आहे, सरासरी एक माणूस वापरताना अडचणींतल्या साधारण ३१ टक्के उघड्या पडतात, पाच जण होईपर्यंत ८५ टक्क्यांच्या आसपास दिसून जातात, पुढच्या माणसांना तेच तेच परत अडतं. म्हणून पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या करायच्या आणि मधल्या वेळात दुरुस्त करायचं. आमच्याकडे तसंच केलं. वाचकाला एवढंच सांगायचं, जे मनात येतंय ते मोठ्याने बोला, आणि आम्ही मदत करायची नाही. हे मदत न करणं फार अवघड आहे हो. काकू अडकल्यात, बटण समोर आहे, आणि आपण गप्प बसायचं. मी दोनदा तोंड उघडलं तेव्हा मला बाहेर चहा सांगायला पाठवलं.

पहिल्या फेरीत तीन गोष्टी फसल्या. वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा, त्यात मेनू असतो हे पाचातल्या चौघांना माहीत नव्हतं. भिंगाचं चित्र, एक काकू म्हणाल्या ही पळी कसली. दोन्ही काढून टाकलं, आता चार मोठी बटणं आहेत शब्दांची आणि शोधायच्या चौकटीवर ‘पुस्तकाचं किंवा लेखकाचं नाव लिहा’.

तिसरी गोष्ट ओटीपीची, आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. नंबर लावायला आधी लॉगिन, लॉगिनला मोबाइलवर ओटीपी, सगळीकडे असतं तसं. एका आजींनी आपला सभासद क्रमांक घातला आणि मोबाइल हातात धरून बसून राहिल्या. एक मिनिट, दोन मिनिटं. ओटीपी येईना. मग लक्षात आलं की सभासद नोंदणीत मोबाइल नंबर मुलाचा आहे, मुलगा बेंगळुरूला, ओटीपी तिकडे गेला. त्याचा फोन आला, ‘आई, कुणाला काही सांगू नकोस, फ्रॉड असेल.’ आजी घाबरल्या, म्हणाल्या मला नको हे, मी येऊन घेत जाईन. आम्ही रजिस्टर काढून बघितलं तर कितीतरी ज्येष्ठ सभासदांचे नंबर असेच मुलाचे, सुनेचे, भाच्याचे. पुण्यात ऑफिसात बसून कुणाला हे सुचणार होतं? आता पुस्तक शोधायला लॉगिनच नाही, आणि नंबर लावायला कार्डावरचा सभासद क्रमांक आणि आडनाव पुरतं. कुणी दुसऱ्याच्या नावाने नंबर लावला तर काय, हा प्रश्न मंडळात आलाच, पण पुस्तक घ्यायला शेवटी काउंटरवर कार्ड दाखवावंच लागतं. दंड, पत्ता असलं काही वेबसाइटवर कुणाला दिसत नाही. त्याच आजी डिसेंबरमध्ये स्वतःहून पुस्तकाला नंबर लावून आल्या होत्या.

शोध हा प्रकार मराठीत किती नाजूक आहे ते मला या कामात कळलं. वेबसाइटच्या मागे कोहा नावाचं सॉफ्टवेअर बसवलंय, खास ग्रंथालयांसाठीचं, फुकट, न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांसाठी बनलं आणि २००० सालापासून वापरात आहे, कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. ते चांगलंच आहे, पण आमचे वाचक जसं टाइप करतात तसं त्याला समजायचं नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला तो अर्धा ऱ कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो, दिसायला हुबेहूब सारखा, आतले कोड वेगळे. आमच्या यादीत एका तऱ्हेने, वाचकाच्या कीबोर्डवर दुसऱ्या तऱ्हेने, आणि उत्तर येतं पुस्तक नाही. ‘ॲलर्जी’तल्या ॲचं तेच. वर ऱ्हस्व-दीर्घ, आणि निम्मे लोक मोबाइलवर मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहितात. त्या मुलाने काउंटरवरच्या चिठ्ठ्या आणि तपासणीतलं टायपिंग गोळा करून शोध असा केला की हे सगळं चालतं, चुकीचं लिहिलं तरी जवळचं दाखवतो. मॅडम चिठ्ठी बघून अंदाजाने पुस्तक काढून द्यायच्या ना, तेच काम आता शोध करतो.

दिसायला वेबसाइट साधी आहे. अक्षरासाठी ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा, फुकट मिळतो, आणि ओळींमध्ये जागा भरपूर ठेवलीये कारण मराठीत वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या की एकमेकींत अडकतात. फिकट राखाडी अक्षर कुठेही नाही, अक्षर आणि मागचा रंग यात निदान ४.५ला १ एवढा फरक हवा असा वेबच्या सुलभतेचा (म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही वापरता यावं यासाठीचा) नियम आहे, तो पाळलाय. बटणं याच सुलभतेच्या २०२३च्या नियमात सांगितलेल्या किमान मापापेक्षा बरीच मोठी आहेत, थरथरत्या बोटांसाठी.

आता तक्रारी. तीन महिने सांगितले आणि साडेचार घेतले. त्यामुळे वेबसाइट सुरू झाली ती दिवाळी उलटून गेल्यावर, आणि दिवाळी अंक योजनेचे पैसे आमच्याकडे दिवाळीतच जमा होतात, वर्षातलं सगळ्यात मोठं काम, ते यंदाही रजिस्टरवरच झालं. उशिराचं एक कारण आमच्या बाजूचं, जुन्या फॉन्टमधली यादी युनिकोडमध्ये आणल्यावर प्रत्येक नाव डोळ्यांखालून घालावं लागलं आणि ते काम आमच्यावर होतं. पण हे एवढं मोठं काम आहे हे त्यांनी सुरुवातीलाच ठणकावून सांगायला हवं होतं, कॉलेजची दोन मुलं मानधनावर लावून ऑगस्टमध्येच संपवलं असतं. दुसरं, मंडळापुढे पहिल्या सादरीकरणात पर्सोना, वायरफ्रेम, युजर जर्नी असे शब्द आले आणि अर्धे सदस्य गप्प झाले. वाचकांचे शब्द एवढे जपणाऱ्या माणसांनी मंडळाशी बोलतानाही तेच करायला हवं होतं. मी सांगितल्यावर पुढच्या बैठकीपासून बदललं, तेव्हा चर्चाही झाली. तिसरं, वेबसाइट चालवायची कशी याची पुस्तिका आधी इंग्रजीत दिली, मॅडमसाठी मराठीत मागून घ्यावी लागली, ती जानेवारीत आली. वर्गणी ऑनलाइन भरायची सोय अजून नाही, काउंटरवर यूपीआयचा कोड आहे त्यावर भागतंय.

पण काम संपवून बिल देऊन गेले असं झालं नाही, सहा आठवड्यांनी परत आले, हे कोटेशनमध्येच होतं. परत काउंटरपाशी एक दिवस. तेव्हा त्यांनी एक यादी काढून दिली, लोकांनी काय काय शोधलं आणि सापडलं नाही त्याची. ती बघून मी खुर्चीतच बसून राहिले. मधुमेहाच्या आहारावर काही, तलाठी परीक्षेचं, बाळाची नावं, मधमाशा, सौर पंप. मधमाशांवरचं एक पुस्तक नाही आमच्याकडे आणि गावात पेट्या ठेवणारी चार घरं आहेत. आतापर्यंत ग्रंथ निवड समिती प्रकाशकांच्या याद्या बघून खरेदी करायची, फेब्रुवारीच्या खरेदीला पहिल्यांदा ही यादी टेबलावर होती. मधमाशांवरची दोन आली. दोन्ही सध्या ‘बाहेर गेलंय’.

पैशांचं ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी, १ लाख ८५ हजारांतला साधारण तिसरा हिस्सा कोडचं पहिलं अक्षर लिहायच्या आधी संपला होता. एवढं बजेट नसेल तर कार्डांचे गठ्ठे आणि कागदी पानं तुमची तुम्हीच करा, त्याला टेबल आणि कात्री लागते, आणि ज्याला काम द्याल त्याला ते निकाल हातात द्या. ओटीपीसारखी गोष्ट मात्र खऱ्या माणसाच्या हातात खरा मोबाइल दिल्याशिवाय दिसत नाही, तेवढी एक फेरी तरी पैसे देऊन करून घ्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की बालविभागाची फेरी आहे. तालिकेची कार्डं परत काढून ठेवलीत, यावेळी गठ्ठे पाचवीतली मुलं करणार आहेत, आणि मी त्या दिवशी आधीपासूनच बाहेर बसणार आहे.